'मांगलं मांगे ऱ्हाऊ दे' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं. गिटार आणि गळा एकाचा, ड्रम दुसऱ्याचे, बेस गिटार आणि शब्द माझे. 'मांगलं मांगे ऱ्हाऊ दे' हे आमचं अहिराणीतलं, म्हणजे खान्देशातल्या बोलीतलं, पंक रॉक गाणं सिंगल म्हणून आल्यापासून निरोपांचा ओघ थांबत नाहीये. काही प्रश्न फोनवर आले, काही लग्नाच्या पंगतीत, एक तर जळगावच्या बस स्टँडवर चहा घेताना. तेच ते उत्तर चाळीस वेळा टाईप करून बोटं दुखली, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलंय. विचारायच्या आधी एकदा वाचा, ही विनंती.

१. पंक रॉक म्हणजे नक्की काय? मेटल आणि हे एकच ना?

नाही. दोन्हीत गिटार कर्कश असते, एवढंच साम्य. मेटलमध्ये वादनाचं कसब दाखवायचं असतं, लांब सोलो असतात. पंकचं म्हणणं उलट आहे: थोडं येत असेल तरी चालेल, पण आत्ता वाजव. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या चार पोरांनी १९७४ साली रामोन्स नावाचा बँड काढला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. त्याच वर्षी लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स आणि द डॅम्ड यांच्या तबकड्या निघाल्या आणि वणवा पेटला.

केस उभे करणं, जॅकेटला पिना टोचणं हे नंतरचं. आमच्या गिटारवाल्याला वाटतं की केस उभे केल्याशिवाय पंक होत नाही. तो मे महिन्यात भुसावळला राहतो, त्याला काय बोलणार.

भारतात हे नवीन नाही. मुंबईत द रायट पेडलर्ससारखे बँड इंग्रजीत पंक वाजवत आलेत.

२. एकच गाणं आहे तर त्याला 'सिंगल' असं वेगळं नाव कशाला?

अल्बमचा भाग म्हणून न येता स्वतःच्या पायावर बाहेर पडलेलं गाणं म्हणजे सिंगल. १९४९ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी बाजारात आणली. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. तबकडी गेली, शब्द उरला.

पंकवाल्यांना हा आकार फार सोयीचा पडला, कारण अल्बम काढायला पैसे लागतात. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७ च्या जानेवारीत मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. कुठल्या कंपनीच्या दारात उभे राहिले नाहीत. आम्हीही उसनेच घेतलेत, पौंड मात्र नव्हते.

३. गाणं कुठल्या भाषेत आहे? आणि ओळीचा अर्थ काय?

अहिराणी. 'मांगलं मांगे ऱ्हाऊ दे' म्हणजे मागचं मागे राहू दे. पहिल्या कडव्यात 'ती दारमा उभी शे' असं येतं, ते 'ती दारात उभी आहे'. 'शे' म्हणजे आहे, 'माले' म्हणजे मला. एवढं कळलं की निम्मं गाणं कळलं.

उच्चारावरून भांडू नका. अहिराणी गावागणिक बदलते. धुळ्याचा माणूस चाळीसगाववाल्याला हसतो, साक्रीचा दोघांना. आमच्या गळ्यात आली तशी आम्ही गायली. 'मांगे' की 'मागे' यावर एका जिभाऊंनी तीन निरोप पाठवले, तिन्ही वेगवेगळ्या मताचे.

४. 'ती' कोण आहे? खरं सांगा भाऊ, ब्रेकअप झालाय ना?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न. काहींनी नावंसुद्धा सुचवली.

नाही झाला. 'ती' म्हणजे लाज. मराठीत लाज स्त्रीलिंगी आहे, त्याला माझा इलाज नाही. पण खरं सांगायचं तर ऐकणाऱ्याची फसगत व्हावी म्हणूनच मी सर्वनाम तसं मोकळं सोडलंय. पहिल्या कडव्यात ती दारात उभी असते, दुसऱ्यात घरात येऊन माझ्याच ताटात जेवते, तिसऱ्यात माझ्या आवाजात बोलायला लागते. प्रेयसी असती तर तिसऱ्या कडव्यापर्यंत कोणीतरी घाबरायला हवं होतं. कोणी घाबरलं नाही, सगळ्यांनी 'किती रोमँटिक' असंच लिहिलं. मग ठरवलं की आता सांगून टाकावं.

लाज कसली, ते प्रश्न ५ मध्ये.

५. मागचं सोडा असं म्हणता आणि गाता मात्र गावाकडच्या बोलीत. हा विरोधाभास नाही का?

हा प्रश्न पाठवणाऱ्या ताई नाशिकच्या आहेत. त्यांनी बरोबर नस पकडली.

मी बारावीनंतर पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात 'माले समजलं नाही' असं तोंडातून गेलं. सगळा वर्ग हसला, सरसुद्धा. कोणी वाईट नव्हतं, हसू आलं, हसले. पण मी त्या रात्रीपासून बोलण्याआधी मनात वाक्य तपासायला लागलो. सहा महिन्यांत जीभ साफ झाली. इतकी साफ झाली की आईचा फोन आला तरी मी तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचो. ती एकदा म्हणाली, 'तुले काय व्हयनं रे?' (तुला काय झालंय रे?) आणि मी म्हणालो, 'काही नाही, ठीक आहे.' त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढे मीही काही बोललो नाही.

पुढची अकरा वर्षं मी समजत होतो की मी पुढे गेलोय. सुरतेला, पुण्याला, मुंबईला गेलेल्या कितीतरी खान्देशी माणसांचं हेच होतं. पोरं शाळेत हसतील म्हणून घरातच अहिराणी बंद. त्याला आपण प्रगती म्हणतो. मला आता वाटतं की सोडायला हवं होतं ते त्या वर्गातलं हसू. ते मी जपून ठेवलं आणि भाषा टाकून दिली. उलटं झालं. गाण्यात ते सुलटं करायचा प्रयत्न आहे. म्हणून हे गाणं प्रमाण मराठीत लिहून बघितलं तेव्हा ते खोटं वाटलं. लाज सोडतोय असं सांगायचं आणि सांगताना तिचेच कपडे घालायचे, असं झालं असतं.

अहिराणी कोणीच बोलत नाही, असं समजू नका. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली, अहिराणी आणि जवळच्या बोली मिळून, १८ लाखांहून जास्त माणसांनी आपली मातृभाषा नोंदवली आहे. आणि ज्यांनी नोंदवली नाही ते माझ्यासारखे, फोनवर 'ठीक आहे' म्हणणारे.

६. ही तर बहिणाबाईंचीच भाषा ना?

नाही, आणि ही गफलत जळगावच्या बाहेर फार होते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांच्या कवितेची बोली लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटील समाजाची बोली. अहिराणीशी तिचं शेजारपण आहे, पण आमचं 'शे' त्यांच्या कवितेत शोधायला जाल तर हाती लागणार नाही. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ओव्या टिपून ठेवल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं.

यालाच जोडून एक विचारणा वारंवार येते: बहिणाबाईंच्या कवितेला पंकची चाल लावाल का? कायद्याने अडचण नाही. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९५२ च्या पुस्तकातल्या कविता २०१३ पासून सर्वांच्या. सिनेमात या कवितांना लावलेल्या चाली आणि ध्वनिमुद्रणं यांचे हक्क मात्र वेगळे, त्यांना हात लावायचा नाही. पण आमचं उत्तर तूर्त नाही असंच आहे. त्या ओवीची लय जात्याची आहे, तिला पळवली की दम लागतो. आम्ही एकदा खोलीत करून पाहिलं. ते रेकॉर्डिंग आम्ही तिघांनी मिळून पुसून टाकलं.

७. दोन मिनिटांत संपतं हो! पैसे वसूल होत नाहीत.

ऐकायला फुकट आहे, आप्पा.

२ मिनिटं ११ सेकंद. मिनिटाला १८४ ठोके. सांगायचं होतं ते तेवढ्यात झालं. आणखी एक धंद्याचं कारणही आहे, ते लपवत नाही: स्पॉटिफायवर गाणं निदान ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते एकदा वाजलं असं मोजतात. त्यामुळे आम्ही सुरुवातीची लांबण कापली आणि पहिल्या ठोक्यालाच शब्द सुरू केले. मूळ आवृत्तीत सुरुवातीला माझा वीस सेकंदांचा बेस होता. तो गेला. हेही मांगलं, मांगे.

८. कॉर्ड कोणत्या? मला फक्त हार्मोनियम येते, जमेल का?

ए, डी आणि ई. मधल्या तुकड्यात एक एफ शार्प. चारही पॉवर कॉर्ड आहेत. गिटारच्या क्लासला न जाता पंधरा दिवसांत हाताशी येतात, फक्त वेग यायला महिना-दोन महिने लागतात. सगळे फटके वरून खाली मारायचे, मनगट दुखेपर्यंत.

हार्मोनियमवाल्यांसाठी: पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प, वर पुन्हा सा. तानपुऱ्यात लागतात तेच. गंधार वाजवायचाच नाही. शुद्ध गंधार आला की कॉर्ड हसरी होते, कोमल आला की रडवी. गंधारच नसला तर गाणं आनंदी की दुःखी, हे वाद्यं सांगत नाहीत, गळ्याला सांगावं लागतं. मला या गाण्यासाठी हेच हवं होतं. एका हार्मोनियमवाल्या काकांनी शुद्ध गंधार घालून वाजवून पाठवलं. छान भजन झालंय. खरंच छान झालंय.

९. कोरसमध्ये इतक्या बायका कुठून आणल्या?

ड्रमरच्या गल्लीतून. सात जणी आहेत, वयं ३० ते ७० च्या पुढे.

पंकमध्ये कोरसला सगळ्यांनी मिळून ओरडायची पद्धत आहे. आम्ही तिघांनी ओरडून पाहिलं तर मोर्चा फसल्यासारखं वाटलं. मग श्रावणात खान्देशची देवी कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी विसर्जन. त्या रात्री एकजण ओळ टाकते आणि बाकीच्या ती अशी उचलतात की पत्रे हलावेत. माईक नाही, तालीम नाही, कोणी बेसूर गेली तरी फिकीर नाही. आम्ही तिघे कोपऱ्यात बसून प्रसादाचे रोट खात होतो आणि एकमेकांकडे बघत होतो. जे शोधायला आम्ही न्यूयॉर्क-लंडनचे व्हिडिओ बघत होतो ते गल्लीच्या टोकाला चाललं होतं.

आठवडाभराने त्यांना विचारलं. एकच अट आली: वेग जरा कमी करा, दम लागतो. त्या ठिकाणी गाणं १८४ वरून किंचित खाली येतं. ज्यांनी 'ड्रमर चुकलाय' असं कळवलंय त्यांनी नोंद घ्यावी.

१०. रेकॉर्डिंग कुठल्या स्टुडिओत केलं? आवाज घुमतोय.

सावद्याजवळच्या एका केळी पिकवायच्या खोलीत. हंगाम नसताना ती रिकामी होती आणि मालक ड्रमरचा मावसभाऊ. आम्हाला वाटलं, जाड भिंती आहेत, चहूबाजूंनी बंद आहे, आवाज बाहेर जाणार नाही. चुकीचं निघालं. त्या भिंतींतला फोम गारवा धरून ठेवण्यासाठी असतो, आवाज अडवायला वजन लागतं आणि तो तर हलका. शिवाय आतून पत्रा, त्यामुळे झांजेचा प्रत्येक ठोका चारदा कानावर येतो. शेवटी अकरा गोधड्या टांगल्या, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या. तरी थोडं घुमणं राहिलं. ते तसंच ठेवलं, कारण गोधड्या संपल्या.

११. उन्हाळ्यात माझी गिटार सारखी उतरते. तुमचं काय करता?

गाण्याशी संबंध नाही, पण खान्देशात हे विचारणारे बरेच आहेत. पारा ४५ वर गेला की तारेचा धातू पसरतो, ताण कमी होतो, सूर खाली येतो. उलट पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं आणि सूर वर चढू शकतो. गिटार गाडीच्या डिकीत ठेवू नका. जिथे वाजवायचं त्या जागी अर्धा तास आधी नेऊन ठेवा आणि मगच सुरात लावा.

१२. हळदीला किंवा वरातीत डीजेवर लावलं तर तुम्ही केस कराल का?

नाही, आणि करू म्हटलं तरी जमणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. बिनधास्त लावा.

आवाजाचं मात्र तुमचं तुम्ही बघा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. पंक ५५ डेसिबलवर वाजवता येत नाही, मी करून पाहिलंय. एका गावात आमचा कार्यक्रम पावणेदहाला सुरू झाला. दहाला एक मिनिट कमी असताना मंडपवाल्याने मेन स्विच पाडला. राग आला होता. पण नियम त्याच्या बाजूने होता आणि उशीर आमच्या.

१३. मी कव्हर केलं (म्हणजे तुमचं गाणं स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं), किंवा रिमिक्स करून यूट्यूबवर टाकलं तर?

घरी, गच्चीवर, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाऊन बघा, आम्हाला आनंदच आहे. टाकायचं असेल तर आधी निरोप पाठवा. आजवर कोणालाही नाही म्हटलेलं नाही, एक पैसा घेतलेला नाही.

विचारायचं कारण असं की कायद्यात परवानगीशिवाय कव्हर करायची वाट आहे, पण ती अरुंद आहे. कलम ३१ सी प्रमाणे मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. एवढी रॉयल्टी आम्हाला कोणी दिली तर आम्ही दुसरं गाणंही त्यालाच देऊन टाकू. रिमिक्स ही तर आमच्याच रेकॉर्डिंगची मोडतोड, तिला परवानगी हवीच. नंदुरबारच्या एका डीजेने मध्ये पावरी या आदिवासी वाद्याचा सूर घालून केलंय. आमच्यापेक्षा बरं वाजतंय. त्याने विचारलं होतं.

शब्द बदलू नका, एवढं ऐका. एकाने सगळं प्रमाण मराठीत करून पाठवलं, 'जास्त लोकांपर्यंत पोहोचेल' म्हणून. का नको, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

१४. तुम्ही स्वतःला पंक म्हणता आणि एकही शिवी नाही?

कोरसमध्ये ड्रमरची आजी आहे.

१५. आजोबांच्या तेराव्याला कोणीतरी हे गाणं लावलं. काहींना आवडलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

हा निरोप आला तेव्हा आम्ही तिघं बराच वेळ गप्प होतो. 'मागचं मागे राहू दे' हे गेलेल्या माणसाबद्दल म्हटलं तर फार कठोर होतं. माझ्या मनात माणसं सोडायची गोष्ट कधीच नव्हती, ते प्रश्न ४ वाचलात तर कळेल. पण गाणं एकदा बाहेर पडलं की लिहिणाऱ्याचं मत शंभरातलं एक.

अमेरिकेच्या ग्रीन डे या पंक बँडचं १९९७ सालचं एक शांत, गिटार आणि व्हायोलिनवरचं गाणं आहे. ते प्रेयसी देश सोडून गेली त्या रागातून लिहिलेलं, नावाचा अर्थच मुळी 'बरं झालं, ब्याद गेली' असा. आज ते तिकडे शाळांच्या निरोप समारंभात डोळे पुसत म्हणतात. बँडने कोणाला अडवलं नाही.

ज्या नातवाने लावलं त्याने नंतर कळवलं की आजोबा घरात शेवटपर्यंत अहिराणीच बोलायचे आणि त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारं घरात कोणी राहिलं नव्हतं. मग माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. ज्यांना आवडलं नाही त्यांचंही चूक नाही.

१६. माझ्या एक्सला (ब्रेकअप झालेल्या व्यक्तीला) टॅग करून स्टेटसला ठेवू का?

नको रे भो.

१७. अपलोड करताना भाषेच्या रकान्यात काय टाकलं? मलाही अहिराणी गाणं टाकायचंय.

गाणं ॲपवर पोचवणाऱ्या आमच्या वितरकाच्या यादीत अहिराणी नव्हती, म्हणून मराठी निवडली आणि नावाच्या पुढे कंसात अहिराणी लिहिलं. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे, एएचआर, म्हणजे जगाला माहीत आहे, रकान्याला नाही. आम्ही त्यांना मेल पाठवलाय. तुम्हीही पाठवा, दहा-वीस गेले तर कोणीतरी उघडेल. ध्वनिमुद्रणाची ओळख असलेला बारा खुणांचा आयएसआरसी क्रमांक बहुतेक वितरक स्वतःच देतात, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर दुसरा वितरक बघा.

१८. अगदी शेवटी, २ मिनिटं ८ सेकंदांना, मागून एक म्हातारा आवाज येतो. तो मुद्दाम टाकलाय का? काय म्हणतोय?

मुद्दाम नाही. तो त्या केळीच्या खोलीचा राखणदार. सकाळपासून तोच तुकडा आम्ही चौतिसाव्यांदा वाजवत होतो, दुपारचे तीन वाजले होते. शेवटचा ठोका पडला आणि त्यांनी दार लोटून आत डोकं घातलं. 'आते बस करा, जेवाले चला,' असं म्हणतायत. बाहेर कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. तोच टेक ठेवला.